अर्ज स्वहस्ताक्षरात लिहावा

मुलींचे वसतिगृह, सांगली
१८ नोव्हेंबर १९९७

ती. आजीस शिवांजलीचा नमस्कार.

डाव्या हाताने लिहिते आहे, म्हणून थोडक्यात. एका पानाला चाळीस मिनिटं लागतात. माझ्या खोलीतली ऋचा म्हणते, तू सांग, मी लिहिते. पण घरचं पत्र मला स्वतः लिहायचं होतं.

परीक्षेला लेखनिक मिळावा म्हणून विद्यापीठाकडे अर्ज केला आहे. लेखनिक म्हणजे मी तोंडाने सांगायचं आणि त्याने माझ्या उत्तरपत्रिकेत लिहायचं. बी.ए.चं शेवटचं वर्ष, सहा पेपर, प्रत्येकी तीन तास. तीन तासांत माझी साडेचार पानं होतात. बाकीच्या मुली वीस-बावीस लिहितात. लेखनिक नाही मिळाला तर मी नापास, हे आत्ताच सांगून ठेवते.

अर्जावर सातवी सूचना आहे : 'अर्ज विद्यार्थ्याने स्वहस्ताक्षरात लिहावा.' चार दिवस बसून लिहिला. खाडाखोड दिसली तर परत करतील म्हणून तीनदा नव्याने उतरवला. अक्षर मात्र छान आलं आहे. सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला जोडला.

तुझी,
शिवांजली


मलकापूर, कराड
२६ नोव्हेंबर १९९७

चि. शिवांजलीस आजीचा आशीर्वाद.

तुझं पत्र नाथाजी भावजींनी दोनदा वाचून दाखवलं. तुझ्या आजोबांच्या पलटणीतला हा हवालदार, रिटायर होऊन गिरणी चालवतो आणि पिठाच्या हातानं माझी पत्रं लिहितो. कागद पांढरा फटक दिसला तर ते पीठ समज, माझी माया नव्हे. मी 'न्हाई' म्हटलं की हा 'नाही' लिहितो. शेवटी तोडगा काढला, निम्मं त्यांचं ठेवा, निम्मं माझं.

आता मला सांग, हे सातवं कलम कुणी केलं? ज्याला हातानं लिहिता येत न्हाई, त्यानं हातानं लिहून मागायचं. म्हणजे लंगड्यानं पळत येऊन सांगायचं की मी लंगडा हाय. पळाला न्हाई तर अर्ज न्हाई, आणि पळाला तर लंगडा न्हाई. लय शिकलेली माणसं असणार. आमच्यासारख्या अडाण्याला हे सुचलं नसतं.

मला म्हणा हे नवं नाही. दर नोव्हेंबरात मी बँकेत जाऊन जिवंत आहे म्हणून दाखवते, तेव्हा आजोबांची पेन्शन चालू राहते. औंदा खिडकीतला साहेब म्हणतो, "आजी, मागल्या वर्षीचा हयातीचा दाखला फायलीत दिसत नाही." मी म्हटलं, "आवं साहेब, मी औंदा आले म्हंजे मागल्या वर्षीबी जितीच असणार की." तर म्हणतो, "ते खरं, पण कागद पाहिजे." तुझ्या बोटांचंही असंच होणार बघ.

मे महिन्यात कडबाकुट्टीच्या मशीननं तुझी चार बोटं घेतली, तेव्हा दवाखान्यात तू म्हणालीस, आजी, अंगठा तेवढा राहिला. मी म्हटलं, चला, आता घरात अंगठेबहाद्दर दोघी झाल्या. तू हसलीस आणि डॉक्टरनं माझ्याकडं असं बघितलं जसं काय मलाच दाखल करून घ्यावं. तुला हसवलं नसतं तर मला रडायला लागलं असतं, आणि माझं रडणं लय बेकार दिसतं.

एक सांगते, चिडू नकोस. दिवाळीत आलीस तेव्हा हात ओढणीखाली ठेव म्हटलं तर फणकारलीस. लग्नाची पोर तू. परगावची माणसं येतात जातात, त्यांना पहिल्याच नजरेला हात कशाला दिसायला हवा? आधी पोर दिसू दे, मग हात दिसेल.

(वहिनींना मी सांगितलं की हे लिहू नये. त्या म्हणाल्या, तुम्हाला विचारलं नाही. — नाथाजी)

आजी


सांगली
२८ डिसेंबर १९९७

ती. आजीस नमस्कार.

परवा समितीने बोलावलं होतं. टेबलापलीकडे तिघंजण. अध्यक्षांनी माझा अर्ज हातात धरला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"डाव्या हाताने?"

"हो सर."

"माझ्यापेक्षा बरं अक्षर आहे," असं म्हणून त्यांनी तो बाकीच्या दोघांना दाखवला. तिघंही हसले. किती दिवस लागले, हे कुणी विचारलं नाही. मी सांगायला गेले तर म्हणाले, "विचारलं तेवढंच सांगा."

दुसऱ्यांनी विचारलं, "लेखनिक हुशार निघाला आणि स्वतःच्या मनाचं लिहायला लागला तर? हमी कोण देणार?" मी म्हटलं, खालच्या वर्गातला द्या, शेजारी पर्यवेक्षक बसवा. ते म्हणाले, पर्यवेक्षकांना तेवढीच कामं आहेत का. अपंगांसाठी दिल्लीला दोन वर्षांपूर्वी कायदा झाला, त्याचं वर्तमानपत्रातलं कात्रण मी नेलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "कायद्याची प्रत आमच्याकडे आलेली नाही."

निर्णय पत्राने कळवणार आहेत. मला वाटतं देतील. नाही देण्यासारखं आहे काय त्यात?

आणि हात मी ओढणीखाली ठेवणार नाही.

शिवांजली


मलकापूर
१६ जानेवारी १९९८

चि. शिवांजलीस आशीर्वाद. तिळगूळ पाठवला आहे, वाटेत पोस्टानं खाल्ला नाही तर तुला मिळेल.

तुझ्या समितीचं ऐकून दोन दिवस माझं डोकं तापलेलं. अक्षर चांगलं म्हणून हसले व्हय? सुनेनं रडत रडत चांगला स्वयंपाक केला तर सासरा म्हणतो, बघा, हिला काय त्रास न्हाई. तसलीच जात ही. आणि म्हणे लिहिणारा मनचं लिहील. अकरा वर्षं भावजी माझी पत्रं लिहितात. त्यांना माझी निम्मी मतं पटत नाहीत. मनचं लिहायचं तर कंसात लिहितात, आणि खाली आपलं नाव घालतात.

(हे बरोबर आहे. — नाथाजी)

आता एक गोड बातमी, पण पुरती सांगणार नाही. दहा तारखेला एक गृहस्थ येऊन गेले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. तुझे आईबाप उसाच्या तोडीवर, भावजी गिरणीत, घरात मी एकटी. तुझं नाव, वय, शिक्षण सगळं विचारलं. पोरगी काय काय करते म्हणाले. मी म्हटलं, काय करत न्हाई ते विचारा. तुझ्या आजीनं तुझी अशी बाजू मांडली की त्यांनी चहा पिता पिता दोन पानं भरली. खुशीत गेले. जाताना कागदावर माझा अंगठाही घेतला, म्हणजे काम पक्कं दिसतंय.

बाकी तू ओळख. लाजलीस तर पत्रातून कळणार नाही हे तुझं नशीब.

आजी


सांगली
५ फेब्रुवारी १९९८

ती. आजीस,

हे पत्र मी सांगते आहे आणि ऋचा लिहिते आहे. माझा हात आज चालत नाही.

विद्यापीठाचं पत्र आलं. जसंच्या तसं उतरवायला सांगितलं आहे :

'अर्जदाराचे हस्ताक्षर सुवाच्य व रेखीव असल्याचे अर्जावरूनच सिद्ध होते. तसेच दि. १० जानेवारी रोजी अर्जदाराच्या मलकापूर येथील घरी प्रत्यक्ष चौकशी केली असता, अर्जदाराच्या आजी श्रीमती भामाबाई यांनी जबाब दिला की, मुलीच्या हाताला काहीही झालेले नाही. ती दोन्ही हातांनी भाकरी थापते, विणकाम करते व घरचा सर्व पत्रव्यवहार लिहिते. सबब लेखनिकाची विनंती अमान्य करण्यात येत आहे.'

सोबत जबाबाची झेरॉक्स आहे. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. चौकशी होणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्याचा पत्रात उल्लेखसुद्धा नाही.

परीक्षा पंचवीस मार्चला सुरू होते. आजी, तो अंगठा तुझा आहे का?

शिवांजली


मलकापूर
२१ फेब्रुवारी १९९८

शिवांजली,

माझाच आहे.

भावजींना तीनदा बोलावलं आणि तीनदा परत पाठवलं. आज ते म्हणाले, वहिनी, दळण थांबलंय, सांगायचं तर सांगा. म्हणून सांगते.

तो माणूस मला वधू-वर मंडळाचा वाटला. पौषात तुझा केरबामामा आला होता, तो म्हणाला होता की कराडच्या मंडळात पोरीचं नाव घातलंय, त्यांचा माणूस फॉर्म भरायला घरी येईल. आणि दहा तारखेला फाईल घेऊन माणूस आला. नाव विचारलं, वय विचारलं. घरकाम करते का? करते म्हटलं. लिहिते का? म्हटलं, माझी सगळी पत्रं तीच लिहिते, म्हणजे तुझी मला आणि माझी तुला, दोन्ही तुझ्याच नावावर घातली. "हाताला काही झालं होतं ना?" असं त्यानं विचारलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी चुगली केली. मी म्हटलं, कोण म्हणतं? तुझं ते मशीनच्या आधीचं विणकाम, बारावीतलं, भिंतीवरचं, तेही काढून दाखवलं.

मी कोण, कुठून आलो, हे त्यानं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. सोयरिकीला आलेल्या माणसाला कोण विचारतं, तुम्ही कोण? चहा विचारतात. वर काय लिहिलंय ते त्यानं वाचून दाखवलं नाही. मला वाचता येत नाही हे त्याला दिसत होतं, म्हणून तर अंगठा मागितला.

ही झाली त्याची चूक. माझी चूक अशी की मी तुला चांगली दाखवायला गेले आणि तुझा हात खाऊन टाकला. मशीननं चार बोटं खाल्ली, उरलेलं मी.

मला त्या समितीपुढं यायचं आहे. कधी बसते ते कळव.

आजी

(वहिनी आठ दिवस जेवणावर नव्हत्या. हे त्यांनी सांगितलेलं नाही. — नाथाजी)


सांगली
२८ फेब्रुवारी १९९८

ती. आजीस,

हे मी स्वतः लिहिते आहे, म्हणून चारच ओळी.

मला राग जबाबाचा नाही. तू मला चांगली दाखवायला गेलीस म्हणतेस. तू मला लपवायला गेली होतीस. नऊ महिने हात उघडा ठेवून मी या गावात फिरते, आणि माझ्याच घरात तो नाही.

समिती बारा मार्चला, दुपारी दोनला. फेरविचाराचा अर्ज मी दिला आहे. यायचं तर सगळं सांगायला ये. निम्मं नको.

शिवांजली


मलकापूर
१५ मार्च १९९८

चि. शिवांजलीस आशीर्वाद.

आत काय झालं ते तू विचारलंस आणि मी "एसटी चुकेल" म्हणून सटकले. खरं म्हणजे एसटीला तासभर होता, भावजी साक्षीला आहेत. तुला त्यांनी बाहेर बाकावर बसवलं, माझं बोलणं तू ऐकलं नाहीस, आणि तुझ्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. पत्रात सोपं जातं. पत्रात मी भावजींच्या तोंडाकडं बघून बोलते.

टेबलापलीकडं तिघं, आणि कोपऱ्यात तो इस्त्रीचा शर्ट. कराडच्या कुठल्याशा कॉलेजात शिकवतो म्हणे. मी त्याला म्हटलं, "रामराम. चहा बरा होता का?" तो खाली बघू लागला.

अध्यक्षांनी कागद दाखवला. "आजी, हा अंगठा तुमचा?"

"माझाच."

"आणि वरचा मजकूर?"

"तो मी बोलले तसाच असंल. पण खोटा हाय."

"म्हणजे यांनी खोटं लिहिलं?"

"न्हाई. मी खोटं सांगितलं. मला वाटलं, हे वधू-वर मंडळाचे."

दुसरा साहेब हसला. मी म्हटलं, "साहेब, तुमाला लेकी हायत का?" म्हणाला, दोन. मी म्हटलं, "मग घरी जाऊन हसा."

अध्यक्ष म्हणाले, "तेव्हा तुम्ही खोटं बोललात, असं तुम्हीच म्हणता. आता खरं बोलताय हे आम्ही कशावरून मानायचं?"

हे मी एसटीत कराडपासून घोकत आले होते. मी म्हटलं, "तवा खोटं बोलून माझा फायदा होता, पोरीचं लगीन जमलं असतं. आज खरं बोलून तोटा हाय. ह्यो साहेब कराडचा. उद्या सगळ्या कराडात होईल, भामाबाईच्या नातीला बोटं न्हाईत. माणूस फायद्यासाठी खोटं बोलतो का तोट्यासाठी, तुमी शिकलेले, तुमीच सांगा."

मग शेजारी बसलेला त्यांचा क्लार्क म्हणतो, जबाब बदलायचा तर लेखी पाहिजे, स्वहस्ताक्षरात.

तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, "पोरीचं नुकसान करायला माझा अंगठा चालला. आता ते भरून काढायला अक्षर पाहिजे व्हय? त्या दिवशी हा साहेब सत्तर वर्षांच्या बाईच्या सैपाकघरात बसून तिचा अंगठा घेऊन गेला, तवा कुणी विचारलं न्हाई, बाई, तुझं स्वहस्ताक्षर कुठं हाय? दवाखान्याच्या डॉक्टरचा कागद तुमच्या फायलीत हाय. त्यो शिकलेला, सरकारचा माणूस, त्यानं बोटं मोजलीत. त्याचं तुमाला खरं वाटलं न्हाई, आणि माझ्यासारख्या अडाणी म्हातारीचं वाटलं. का? तर मी तुमाला 'न्हाई' म्हणायची सोय करून दिली. तुमाला पोरीचा हात बघायचाच नव्हता. ती बाहेर बसलीय. बारा पावलं. जाऊन बघा की."

कुणी उठलं नाही.

मग मी भावजींना म्हटलं, लिहा. त्यांनी तिथंच लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि मी अंगठा दिला. दुसरा साहेब विचारतो, "यांनी मनचं लिहिलं नाही कशावरून?" भावजींनी हवालदारासारखी टाच जुळवली आणि म्हणाले, "साहेब, मनचं लिहायची सोय असती तर ह्या बाईनं मला अकरा वर्षांत जे जे ऐकवलंय, ते मी लिहिलंच नसतं." मग मात्र अध्यक्षही हसले. हसले म्हणून त्यांना माफ केलं असं समजू नकोस. ते हसतात लय सहज.

निर्णय पत्रानं कळवू म्हणाले. परीक्षा दहा दिवसांवर, आणि ह्यांचं पत्र.

तुझं म्हणणं खरं होतं. लपवायलाच गेले होते. काल केरबा वधू-वर मंडळाचा खरा माणूस घेऊन आला. तो बसायच्या आत मी सांगितलं, पोरीच्या उजव्या हाताला चार बोटं नाहीत, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तोंडानं कडक आहे, आता चहा टाकू का? चहा प्यायला. पुढचं काय ते बघू. मला घाई नाही, आणि तुला विचारल्याशिवाय आता मी कशावरच अंगठा देणार नाही.

आजी


सांगली
१० एप्रिल १९९८

ती. आजीस शिवांजलीचा नमस्कार.

हे ऋचाच्या हातून. परीक्षा संपली. सविस्तर सांगते.

पंचवीस तारखेला पत्र आलेलं नव्हतं. पहिला पेपर डाव्या हाताने दिला. पावणेपाच पानं झाली. सत्तावीसला दुसरा, साडेचार. मला सगळं येत होतं, आजी. प्रश्न वाचताना उत्तर डोक्यात पुरं तयार असायचं आणि हात पहिल्याच परिच्छेदात. घंटा झाली तेव्हा तीन प्रश्न कोरे होते. पर्यवेक्षकांनी पेपर ओढून घेतला आणि म्हणाले, "अभ्यास करायचा की थोडा."

अठ्ठावीसला दुपारी पत्र आलं. लेखनिक मंजूर. तारीख बघितली तर निर्णय सतरा मार्चचा. तू येऊन गेल्यावर पाचव्या दिवशीच झालेला. मग नऊ दिवस तो जावक टेबलावर सहीसाठी पडून होता. ज्या बाईंची सही हवी होती त्या रजेवर होत्या.

पुढचे चार पेपर मयूरी नावाच्या अकरावीच्या मुलीने लिहिले. बिचारी घाबरली होती, आणि मीही. लिहिणं आणि सांगणं वेगळं असतं हे मला माहीत नव्हतं. पहिली दहा मिनिटं मी अर्धं वाक्य बोलायचे आणि ते मागे घ्यायचे. मग तू भावजींना सांगतेस तसं केलं. आधी वाक्य पुरं करायचं, मग तोंड उघडायचं. एका पेपरला एकोणीस पानं झाली. मयूरीचा हात दुखून आला, तर मधे तिला स्वतःची बोटं चोळायला मी दोन मिनिटं दिली.

चार सुटतील. पहिले दोन जाणार, हे निकालाआधीच मला माहीत आहे. म्हणून आज ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी विचारायला ऑफिसात गेले. क्लार्क म्हणाले, मंजुरी या परीक्षेपुरती होती. ऑक्टोबरला नवा अर्ज, नवा वैद्यकीय दाखला, नवी गृहचौकशी.

"नवा दाखला कशाला?"

"मधल्या काळात सुधारणा झाली असली तर?"

मी उजवा हात काउंटरवर ठेवला. त्यांनी त्याच्या बाजूने फॉर्म सरकवला.

तिथल्याच बाकावर बसून आम्ही तो भरला. मी सांगितला, ऋचाने लिहिला. सातव्या सूचनेपुढे हे लिहायला लावलं : 'हा अर्ज माझा आहे. अक्षर माझं नाही. माझा हात चालत नाही, हेच या अर्जात म्हटलं आहे. पहिले दोन पेपर मंजुरी टेबलावर पडून राहिल्यामुळे गेले, त्याची चौकशी कोण करणार तेही कळवावं.'

क्लार्कनी वाचलं. "हा असा घेता येत नाही."

"मग घेता येत नाही असं लिहून द्या."

ते लिहून देईनात. म्हणाले, आम्हाला तसं लेखी देता येत नाही. मी म्हटलं, बरं, आणि बाकावर बसले. ऋचाला बारा वाजता तास होता, ती जाऊन परत आली. त्यांनी डबा खाल्ला. अडीचला विचारलं, अजून आहात? मी म्हटलं, आहे. चारला त्यांनी आत जाऊन कुणाला तरी विचारलं. पावणेपाचला बाहेर आले आणि पोचेचा शिक्का मारला.

ऋचाचं अक्षर कोंबडीने चिखलात नाचावं तसं आहे, ही ओळही तीच लिहिते आहे आणि डोळे वटारते आहे. या वेळी समितीला वाचायला जड जाईल. जाऊ दे.

तुझी,
शिवांजली